कालव्याकाठचा सेवा रस्ता सायकलींना खुला करावा: जलसंपदा विभागास खुले पत्र

प्रति,
माननीय अपर मुख्य सचिव,
जलसंपदा विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई

विषय: मुख्य कालव्यांच्या सेवा रस्त्यांवर सायकलने प्रवास करण्यास अटींसह परवानगी मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या विभागाच्या ताब्यातील मुख्य कालव्यांच्या भरावावरून जो सेवा रस्ता जातो, तो वर्षातील ठरावीक महिन्यांत, दिवसाउजेडी आणि स्पष्ट अटींवर सायकलस्वारांना वापरू द्यावा, एवढी एकच मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. त्यासाठी शासनाला नवा रस्ता बांधावा लागणार नाही, कोणाची जमीन संपादित करावी लागणार नाही आणि अंदाजपत्रकात वेगळी तरतूदही करावी लागणार नाही. किंबहुना काहीही बांधू नये, हा या मागणीचाच भाग आहे आणि त्याची कारणे पुढे दिली आहेत.

मुंबईत आणि ठाणे परिसरात सायकल चालवणाऱ्यांत शर्यतीची किंवा लांब पल्ल्याची तयारी करणारे बरेच आहेत, पण मी ज्यांच्या वतीने लिहीत आहे ते तसे नाहीत. आम्ही सावकाश जाणारे लोक आहोत. दिवसभरात तीस-चाळीस किलोमीटर अंतर कापावे, वाटेत गाव लागले की चहा घ्यावा, झाडाखाली डबा उघडावा, संध्याकाळी लोकल पकडून घरी यावे किंवा जमल्यास एखाद्या गावात मुक्काम करावा, असा हा प्रवास असतो. त्यात निवृत्त मंडळी आहेत, शाळकरी मुलांना घेऊन निघणारे आईवडील आहेत आणि चाळिशीनंतर पुन्हा सायकलवर बसलेल्या अनेक स्त्रिया आहेत. या सगळ्यांची अडचण एकच आहे: मुंबईतून बाहेर पडायला सायकलीसाठी सुरक्षित वाट उरलेली नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतू, किनारी रस्ता आणि 2024 मध्ये खुला झालेला अटल सेतू यांवर सायकलीला मनाई आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावरही ती आहे. या रस्त्यांवरील वाहनांचा वेग पाहता ही मनाई योग्यच आहे आणि तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. परंतु तिचा परिणाम असा होतो की सायकलवाल्याच्या वाट्याला नाशिक महामार्ग, घोडबंदर रस्ता आणि अहमदाबाद महामार्ग असेच रस्ते उरतात आणि तिथे त्याला कंटेनर व डंपर यांच्या शेजारून, रस्त्याच्या कडेच्या खडीवरून जावे लागते. आठ वर्षांच्या मुलाला घेऊन कोणी त्या रस्त्यावर जाणार नाही, आणि जाऊही नये.

कालव्याचा रस्ता या प्रवासाला इतका सोयीचा का, याचे उत्तर कालव्याच्या रचनेतच आहे. पाणी गुरुत्वाकर्षणाने वाहून न्यायचे असल्यामुळे मुख्य कालवा डोंगराच्या समपातळीला धरून वळणे घेत जातो आणि त्याच्या तळाला हजारो मीटर अंतरामागे एखाद-दुसऱ्या मीटरचाच उतार दिलेला असतो. उतार वाढवला तर पाणी काठ खरवडते, कमी केला तर गाळ बसतो, म्हणून अभियंत्यांनी तो फार विचाराने ठरवलेला असतो. काठाचा रस्ताही त्याच उताराने जातो. त्यामुळे सह्याद्रीच्या पायथ्याशी, जिथे साधा गावरस्ताही दर किलोमीटरला चढतो-उतरतो, तिथे मैलोन्मैल सपाट असा एकमेव मार्ग कालव्याच्या काठावर सापडतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला आणि लहान चाकाच्या सायकलवरच्या मुलाला हा फरक किती मोठा आहे, हे त्या रस्त्यावर अर्धा तास चालवले की कळते. वाटेत ओढा आला की जलसेतू लागतो, कुठे कालवा सायफनने ओढ्याखालून जातो, वितरिका म्हणजे पोटकालवा फुटतो तिथे दारे असतात, पुढे मोजणीची जागा येते. ज्या मुलाने पाणी फक्त नळातून आलेले पाहिले आहे, त्याला शेतापर्यंत पाणी कसे पोहोचते हे सांगण्यासाठी याहून चांगला वर्ग मला माहीत नाही.

जगात ज्या देशांनी आपले कालवेकाठ सायकलींना खुले केले, त्यांचे अनुभव विभागाने पाहावेत. फ्रान्समधील कनाल द्यु मिदी हा 1681 मध्ये पूर्ण झालेला सुमारे 240 किलोमीटरचा कालवा 1996 पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि आज त्याच्या काठाने सायकलवर सहलीला जाणे ही तिथली रूढ गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये केनेट व एव्हन हा कालवा अनेक दशके नादुरुस्त पडून होता. स्वयंसेवकांनी आणि स्थानिक संस्थांनी खपून तो 1990 मध्ये पुन्हा सुरू करून घेतला आणि डिव्हायझेसजवळची त्याची 29 जलपाशांची, म्हणजे होड्यांना टप्प्याटप्प्याने वर चढवणाऱ्या दारबंद कप्प्यांची, चढण पाहायला लोक सायकलने येतात. त्या देशात कालव्याच्या काठाने सायकल न्यायची तर पूर्वी परवाना घ्यावा लागत असे. पुढे ती अटही गेली. 2012 पासून इंग्लंड आणि वेल्समधील हे कालवे एक धर्मादाय विश्वस्त संस्था सांभाळते आणि तिचा सायकलस्वारांना आग्रह एवढाच असतो की चालणाऱ्याला आधी वाट द्या, घंटी वाजवा आणि वेग कमी ठेवा.

हे दाखले देताना एक फरक स्पष्टपणे मांडणे माझे कर्तव्य आहे, कारण तो लपवून केलेली मागणी टिकणार नाही. ते कालवे नौकानयनासाठी खोदलेले आहेत. त्यांच्या काठाची वाट घोड्यांनी होड्या ओढून नेण्यासाठी होती, आणि पाणी जवळजवळ स्थिर असते. आपले कालवे सिंचनाचे आहेत. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडण्याची पाळी, सुरू असताना त्यांतून पाणी वेगाने धावते, अस्तरीकरण झालेल्या ठिकाणी काँक्रीटची उतरती बाजू शेवाळाने निसरडी झालेली असते आणि पोहता येणारा माणूसही तिथून सहज वर येऊ शकत नाही. कालव्यात बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात. म्हणून युरोपातील व्यवस्था जशीच्या तशी उचलून इथे आणावी, असे मी म्हणणार नाही. इथे नियम अधिक कडक हवेत, आणि ते आम्हाला मान्य आहेत.

सध्याची स्थिती मात्र नियम कडक असण्याची नसून नियम नसण्याची आहे. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, 1976 मध्ये कालव्याची बांधकामे आणि भराव यांच्या संरक्षणाच्या तरतुदी आहेत आणि त्या असायलाच हव्यात. परंतु सायकल घेऊन आलेल्या नागरिकाने परवानगी कोणाकडे, कोणत्या नमुन्यात मागावी, हे कुठे लिहिलेले मला आढळले नाही. एका कालव्यावर आम्हाला चौकीदाराने अडवले आणि पत्र आणायला सांगितले. उपविभागाच्या कार्यालयात गेलो तर असे पत्र आजवर कोणी मागितलेले नाही, म्हणून ते देताही येत नाही, असे उत्तर मिळाले. चौकीदाराचे किंवा त्या कार्यालयातील लिपिकाचे यात काहीच चुकले नाही. त्यांच्या हाती आदेशच नाही. त्याच रस्त्यावरून मोटारसायकली मात्र दिवसभर जात-येत असतात, कारण त्यांना कोणी विचारत नाही. जो विचारायला जातो तोच परत फिरतो, ही अवस्था विभागाच्या एका परिपत्रकाने बदलू शकते.

आता बांधकामाविषयी. मुंबईकरांना या बाबतीत दोन अनुभव आहेत. पवई तलावाच्या काठाने सायकलमार्ग करण्याचे काम सुरू झाले होते. 2022 च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदेशीर ठरवले आणि तलावात टाकलेला भराव काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. तलावाला धक्का लावून मिळणारा सायकलमार्ग आम्हालाही नको होता. दुसरा अनुभव तानसा जलवाहिनीचा. तिच्या दोन्ही बाजूंची अतिक्रमणे हटवल्यानंतर मोकळ्या झालेल्या पट्ट्यात मुलुंडपासून धारावीपर्यंत 39 किलोमीटरचा सायकलमार्ग आखला गेला. पाण्याच्या वाटेलगतची जागा लोकांच्या वापरात राहिली की ती सुरक्षितही राहते, ही त्यामागची कल्पना मला आजही पूर्णपणे पटते. पण मोठा आराखडा, मोठी निविदा आणि मग वर्षानुवर्षांची प्रतीक्षा, असा जो क्रम शहरात दिसला, तो कालव्यांच्या वाट्याला येऊ नये. कालव्याकाठी पेव्हर ब्लॉक नकोत, रंगीत डांबर नको, दिव्यांचे खांब नकोत, सेल्फी पॉइंट तर नकोतच. मुरमाचा रस्ता आहे तसा असू द्यावा. तो सायकलीला पुरतो, आणि मुरमाचा असल्यामुळेच तिथे वेगाने कोणी येत नाही. रस्ता गुळगुळीत केला की पहिल्या महिन्यात मोटारी येतात, दुसऱ्या वर्षी काठावर ‘कॅनॉल व्ह्यू’ प्लॉटच्या पाट्या लागतात आणि मग शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आणि आमची सायकल दोघेही कडेला फेकले जातात.

शेतकऱ्यांचा विषय मी मुद्दाम स्वतंत्रपणे मांडतो, कारण कालवा शेवटी त्यांच्यासाठी आहे. सेवा रस्त्यावर पहिला हक्क विभागाच्या कर्मचाऱ्यांचा, दुसरा लाभधारक शेतकऱ्यांचा आणि सायकलस्वार हा तिथे पाहुणा, हा क्रम परवानगीच्या आदेशातच लिहिलेला असावा. बैलगाडी, गुरे किंवा उसाने भरलेली ट्रॉली समोरून आली तर सायकलवाल्याने उतरून, पाण्याच्या विरुद्ध बाजूला थांबावे. दारे, चाके, मोजणीची साधने यांना हात लावू नये. आवर्तनाच्या दिवसांत गावात पाण्यावरून ताण असतो. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोहोचलेले नसते, वरच्या भागात कोणी मोटार टाकून पाणी उचलत असते आणि अशा वेळी पाठीवर पिशवी घेऊन काठाने जाणारा अनोळखी माणूस पाहणीला आलेला अधिकारी वाटू शकतो. यातून गैरसमज होऊ नयेत म्हणून 2005 च्या कायद्याने स्थापन झालेल्या, लाभधारक शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना या निर्णयात आधीपासून सामील करून घ्यावे. ज्या संस्थेची हरकत असेल तो टप्पा वगळावा. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तनाच्या तारखा ठरतात, तेव्हाच सायकलींसाठी खुल्या आणि बंद दिवसांची यादीही ठरवता येईल.

यात विभागाचाही लाभ आहे. मातीच्या भरावाला धोका बहुतेक वेळा लहान गोष्टीपासून सुरू होतो. घुशी आणि खेकडे बिळे करतात, झाडांची मुळे भरावात शिरतात, बिळातून पाणी झिरपू लागते, झिरप्याबरोबर माती वाहू लागते आणि एके दिवशी भराव बसतो. 27 सप्टेंबर 2018 रोजी पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटून वस्त्यांमध्ये पाणी शिरले, तो प्रसंग आपल्या विभागाच्या स्मरणात असेलच. एकेकाळी पाटकरी (कालव्याचे पाणी सोडणारे व राखणारे कर्मचारी) आणि कालवा निरीक्षक सायकलवरून किंवा पायी आपला टप्पा रोज नजरेखालून घालत. आज क्षेत्रीय कर्मचाऱ्यांची संख्या कमी झाली आहे आणि एकेका माणसाकडे पूर्वीच्या दोघा-तिघांचे अंतर आहे. सावकाश जाणाऱ्या सायकलस्वाराला भरावाच्या बाहेरच्या पायथ्याशी ओल दिसली, तर साखळी क्रमांकाच्या (कालव्यावरील अंतर दाखवणाऱ्या) दगडाचे छायाचित्र काढून ते संबंधित शाखा अभियंत्याला पाठवण्याचे काम तो आनंदाने करील. त्यासाठी दर टप्प्यावर एक दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असला की झाले. हा क्रमांक अपघाताच्या वेळीही लागेल, म्हणून तो तसाही तिथे हवाच.

सुरुवात मुंबईच्या जवळच्या तीन ठिकाणी करता येईल. पहिले, भातसा धरणाचा उजवा तीर कालवा. मुंबईला पाणी देणाऱ्या जलाशयांमध्ये भातसाचा वाटा सर्वांत मोठा आहे, पण ज्या शहापूर तालुक्यात हे पाणी साठते तिथल्या शेतीशी मुंबईकराची ओळख नाही. कसारा मार्गावरील आसनगाव आणि आटगाव ही स्थानके या भागात उतरायला सोयीची आहेत. दुसरे, कर्जत तालुक्यातील राजनाला. 1922 साली सुरू झालेल्या भिवपुरी वीजगृहातून वीजनिर्मितीनंतर सुटणारे पाणी या कालव्याने शेतांना मिळते आणि भर उन्हाळ्यात, जेव्हा आसपासचे डोंगर करपून गेलेले असतात, तेव्हा तिथे हिरवागार भात उभा असतो. ज्या पाण्याने वर वीज दिली तेच खाली पीक देते, हे कर्जत लोकलने दोन तासांत जाऊन पाहता येण्यासारखे आहे. तिसरे, पालघर जिल्ह्यातील सूर्या प्रकल्पाचे कालवे. धामणी धरण आणि त्याखालचा कवडास बंधारा यांच्यापासून निघालेले हे कालवे आदिवासी पाड्यांच्या शेतांतून जातात, आणि याच सूर्येचे पाणी आता वसई-विरारलाही पुरवले जाते. शेतीचे पाणी शहराकडे वळते तेव्हा त्याचा अर्थ काय होतो, यावर तिथल्या माणसांचे म्हणणे शहरातल्या माणसाने प्रत्यक्ष जाऊन ऐकले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

हे तीनही टप्पे कोकण पाटबंधारे विकास महामंडळाच्या क्षेत्रात येतात, त्यामुळे एकाच महामंडळाच्या पातळीवर प्रयोग करून पाहता येईल. तो यशस्वी ठरला, तर उरलेल्या चार महामंडळांकडे जाता येईल. वीर धरणापासून निघून बारामती-इंदापूरकडे जाणारा नीरा डावा आणि फलटण-माळशिरसकडे जाणारा नीरा उजवा कालवा, किंवा नांदूर मध्यमेश्वरपासून निघणारे गोदावरीचे कालवे, हे अनेक दिवसांच्या सहलीचे मार्ग आहेत. नांदूर मध्यमेश्वरला 2020 मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. हिवाळ्यात तिथे पक्षी पाहायला येणारा माणूस तिथूनच सायकलने कालवा धरून कोपरगावच्या दिशेने निघू शकला, तर त्या वाटेवरच्या गावांना त्याच्या येण्याचा थोडा तरी उपयोग होईल.

परवानगीच्या अटी कशा असाव्यात, याचा आम्ही विचार केला आहे. जून ते सप्टेंबर रस्ता पूर्ण बंद ठेवावा, कारण त्या काळात भराव ओला असतो आणि चाकांनी चर पडतात. कालवा दुरुस्तीच्या काळातही तो बंद असावा. सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर कोणी जाऊ नये. लहान मुलांबरोबर प्रौढ व्यक्ती असणे बंधनकारक असावे, आणि पाण्यात उतरणे, पोहणे, कपडे काढून काठावर बसणे यांना पूर्ण मनाई असावी. दारू आणि ध्वनिवर्धक आढळल्यास त्या गटाची परवानगी रद्द व्हावी. विजेवर चालणाऱ्या सायकलींचा प्रश्न पुढे येईलच. ज्यांना पॅडल मारावेच लागते त्यांना मुभा आणि बाकीच्यांना मोटारसायकल समजावे, असे माझे मत आहे. नोंदणी विनामूल्य असावी, पण असावी, म्हणजे त्या दिवशी कोण कालव्यावर आहे हे उपविभागाला कळेल. अपघात झाल्यास जबाबदारी आमची राहील, असे हमीपत्र द्यायला आम्ही तयार आहोत. अधिकाऱ्यांच्या मनातील सर्वांत मोठी भीती हीच असते आणि ती रास्त आहे.

मुक्कामाबाबत एक विनंती. विभागाची अनेक विश्रामगृहे आणि निरीक्षण बंगले धरणांजवळ व कालव्यांलगत आहेत. दगडी भिंती, उंच छत, अंगणात जुनी झाडे आणि जवळच पाणी असलेल्या या वास्तूंपैकी काही वापराअभावी खराब होत आहेत. साधी खोली, स्वच्छ स्वच्छतागृह आणि सायकली आत ठेवण्याची सोय, एवढ्यासाठी आम्ही योग्य ते भाडे देऊ. जेवण मात्र गावातील महिला बचत गटाने द्यावे आणि त्याचे पैसे थेट त्यांनाच मिळावेत. भाकरी, पिठले, ताकाचा पेला आणि उन्हाळ्यात जांभळे-करवंदे, याहून अधिक काही कोणाला नको आहे.

शेवटचा मुद्दा दूरचा आहे, पण तो आजच मांडला पाहिजे. पाण्याची गळती व बाष्पीभवन टाळण्यासाठी वितरिकांच्या जागी बंद नलिका टाकण्याचे धोरण राज्याने स्वीकारले आहे. पाण्याच्या बचतीसाठी ते योग्य आहे. पण नलिका जमिनीखाली गेली की वरचा सरकारी पट्टा रिकामा दिसू लागतो, आणि रिकाम्या दिसणाऱ्या सरकारी जमिनीचे पुढे काय होते हे मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको. अमेरिकेत वॉशिंग्टनपासून निघणारा चेसापीक व ओहायो कालवा 1924 मध्ये व्यवहारातून बंद पडला. पुढे त्याच्या पट्ट्यावर मोटाररस्ता करण्याचा विचार होता. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी 1954 मध्ये त्या काठाने पायी चालत जाऊन लोकांचे लक्ष वेधले, रस्त्याची योजना मागे पडली आणि 1971 मध्ये तो सुमारे 297 किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. आज त्यावरून माणसे चालतात आणि सायकली जातात. आपल्या वितरिकांचे पट्टे सातबाऱ्यावर विभागाच्याच नावे राहावेत आणि त्यांवर पायवाट व सायकलवाट एवढाच वापर अनुज्ञेय असावा, अशी नोंद नलिका टाकण्याच्या आदेशातच घालता येईल. तेवढी एक ओळ आज लिहिली, तर पुढच्या पिढीला न्यायालयात जावे लागणार नाही.

यंदाचा पावसाळा संपून कालव्यांची स्वच्छता सुरू होईल, तेव्हा वर सुचवलेल्या तीनपैकी निदान एका टप्प्याची पाहणी संबंधित उपविभागीय अभियंता, पाणी वापर संस्थेचे पदाधिकारी आणि आमच्यापैकी काही सायकलस्वार यांनी एकत्र करावी. त्या पाहणीत धोक्याच्या जागा, बंद ठेवायचे भाग आणि सूचना फलकांची ठिकाणे नकाशावर निश्चित करता येतील. त्यासाठी लागणारे फलक रंगवून देण्याची आणि टप्प्यावरील प्लास्टिक गोळा करून परत आणण्याची जबाबदारी आम्ही घेतो. या पाहणीसाठी सोयीची तारीख कळवावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
मुलुंड येथील एक सायकलस्वार नागरिक
मुंबई

प्रत माहितीसाठी: कार्यकारी संचालक, कोकण पाटबंधारे विकास महामंडळ, ठाणे